साप्ताहिकांचे जुने गठ्ठे: कात्रणं काढून बाकी रद्दीत द्यावं का?

शेल्फ_सात

नमस्कार मंडळी,

तळकोकणातल्या एका 'क' वर्ग वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आमच्या माळ्यावर साप्ताहिकांचे गठ्ठे आहेत, सुतळीने बांधलेले. काहींवर वर्ष घातलंय, काहींवर नुसतं 'जाने. ते जून'. साधना सगळ्यात जुनं, १९७० च्या आसपासपासून. मार्मिक आणि लोकप्रभा ऐंशीच्या दशकापासून, मराठी चित्रलेखा १९८९ ला सुरू झालं तेव्हापासून. शिवाय आमच्या जिल्ह्यातलं एक चार पानी साप्ताहिक आहे, त्याचे अंक मिळाले तसे ठेवलेत. मध्ये मध्ये भरपूर खंड आहेत.

माळ्याचे वासे बदलायचे आहेत आणि तेही पावसाच्या आत. खालच्या खोलीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका करायची असं कार्यकारिणीत ठरलंय. मुलं खरोखर येतात, सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर बसलेली असतात, तेव्हा त्याला माझा विरोध नाही. फक्त गठ्ठे कुठे जायचे? अध्यक्षांनी एक लोखंडी कपाट कबूल केलंय. एका कपाटात हे सगळं मावणार नाही, हे बघताक्षणीच कळतं.

कार्यवाहांचं म्हणणं, चांगले लेख कापून विषयवार फायली करा, राजकारण, साहित्य, शेती, आरोग्य अशा, आणि उरलेलं रद्दीत घाला. राशिभविष्य आणि सिनेमाच्या गप्पांसाठी कपाट कशाला अडवायचं, असं ते सभेत म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा.

काल दुपारी एक अंक कात्री घेऊन उघडला. कोकण रेल्वेच्या जमिनींवर छान लेख होता, दोन पानांचा. तो कापला तर त्याच्या पाठीमागे ओल्या नारळाच्या करंज्या, खाली एक विनोद, आणि कुठल्याशा दंतमंजनाची जाहिरात. करंज्यांची कृती अर्धीच होती, बाकीची पुढच्या पानावर. मग कात्री ठेवून दिली.

तर सांगा, साप्ताहिकातलं ठेवण्यासारखं नेमकं काय असतं? आणि जागा एकाच कपाटाची असेल तर कशापासून सुरुवात करावी? इथे कुणी साप्ताहिकात काम केलेलं असेल तर जरूर लिहा.

---

सायकल_लायब्ररी

आमच्या वडिलांची दादरला मासिकांची फिरती लायब्ररी होती. सायकलच्या कॅरिअरवर पिशवी, घरोघर जायचं, जुना अंक घ्यायचा, नवा द्यायचा. कॉलेजात असताना मीही दोन गल्ल्या करायचो.

एक गोष्ट तुमच्या कामाची. अंक परत आला की आम्ही तीन पानं बघायचो. शब्दकोडं भरलंय का, मधलं रंगीत पान आहे का, आणि पाककृतीचं पान फाडलंय का. राजकारणाचं पान कुणी कधी फाडलेलं मला आठवत नाही. लोक काय ठेवण्यासारखं समजत होते ते यावरून बघा.

व्यवहाराचं सांगायचं तर आधी दुबार अंक वेगळे करा. देणगीदार लोक घरचे अंक आणून टाकतात, त्यामुळे वाचनालयांत एकच अंक दोन-दोनदा असतो. जागेचा प्रश्न तिथेच थोडा हलका होईल. आणि दिवाळी अंक साप्ताहिकांच्या गठ्ठ्यात मिसळले असतील तर बाहेर काढा, त्यांना मागणी असते, त्यांचं वेगळं बघता येईल.

---

मधलं_पान

ताई, कात्री ठेवून दिलीत ते उत्तम केलंत. आता ती कार्यवाहांच्या हाती लागणार नाही एवढं बघा.

मी मुंबईत एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लागलो आणि बंद पडेपर्यंत राहिलो. नाव घेत नाही. शेवटच्या पगारांचा हिशेब अजून काही जणांच्या डोक्यात आहे, उगाच इथे तो धागा निघायचा.

कार्यवाहांच्या मनातला चांगला लेख कुठला, ते मला बरोबर कळतं. कव्हर स्टोरी, मोठी मुलाखत, नावाजलेल्या लेखकाचं सदर. पण नावाजलेल्या लेखकाचं सदर पुढे पुस्तक होऊन येतं, आणि ते पुस्तक बहुधा तुमच्याच कपाटात आहे. मंत्र्यांची मुलाखत दैनिकांतही असते. साप्ताहिकात एकदा छापून आलं आणि पुन्हा कुठेही आलं नाही, असं जे असतं ते म्हणजे नेमकं उरलेलं सगळं. वाचकांची पत्रं, सल्ल्याचं सदर, पाककृती, कोडं, लेखाखालच्या चौकटी, जाहिराती. तुम्ही फाइल करणार ते दुसरीकडे मिळेल, रद्दीत घालणार ते मिळणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, पण का ते सविस्तर सांगतो, कारण सभेत तुम्हाला बोलावं लागेल.

आमचा अंक अठ्ठेचाळीस पानांचा, वर गुळगुळीत कागदाचं कव्हर. म्हणजे सोळा पानी तीन फर्मे (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा संच म्हणजे फर्मा), एकात एक घातलेले, मधोमध दोन पिना. अशा अंकात सतरा ते बत्तीस हा मधला फर्मा. त्याच्या बाहेर नऊ ते सोळा आणि तेहेतीस ते चाळीस हा दुसरा. एक ते आठ आणि एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस हा सगळ्यात बाहेरचा. तुम्ही पान अकरा-बाराचा कागद कापलात की सदतीस-अडतीसचा कागद सुटा झाला, कारण मुळात तो एकच ताव आहे. पानांची बेरीज एकोणपन्नास येते, करून बघा. दोन-चार लेख कापले की पिनेला धरायला काही राहत नाही, आणि मग अंक आपोआपच रद्दी होतो.

छपाईचा क्रमही आतून बाहेर. मधला फर्मा सगळ्यात आधी जायचा. त्यात शिळं न होणारं मॅटर, म्हणजे कथा, क्रमशः कादंबरी, पाककृती, प्रवास. मग दुसरा, त्यात लेख, मुलांचं पान, आरोग्य. बाहेरचा फर्मा शेवटपर्यंत रोखून धरायचा. संपादकीय, राजकारण आणि पत्रं पुढे, क्रीडा, सिनेमा आणि भविष्य मागे. भविष्य खरं म्हणजे आधीच येऊन पडलेलं असायचं, पण अर्धे वाचक अंक मागून उघडतात, म्हणून ते मागे.

आता ३० सप्टेंबर १९९३. गुरुवार. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप. आमचे आतले दोन फर्मे छापून बांधणीला गेले होते. त्यांत विसर्जनानंतरच्या उरलेल्या मोदकांचं काय करावं असा एक मजेशीर मजकूर, नवरात्राच्या साड्या, आणि लातूर भागातल्याच सोयाबीनवर एक शेतीचा लेख. बाहेरचा फर्मा तेवढा हातात होता. सकाळी जो तो मिळेल त्या गाडीने कचेरीत आला. सिनेमा काढला, क्रीडा काढलं, भविष्य काढलं. सोळाच्या सोळा पानं नव्याने लावली, ट्रंक कॉलवर मजकूर घेत घेत. अंक बाजारात आला तेव्हा पुढे मृतदेहांचे फोटो, मध्ये मोदक, आणि पुन्हा मागे ढिगारे. चांगले लेख कापून ठेवणाऱ्याच्या फायलीत यातलं काय राहील? भूकंपाचा लेख. तो आठवडा कसा होता हे कळायला मात्र मोदकही लागतात.

आणखी एक. पुढच्या आठवड्यात सोलापूरच्या आमच्या एका नेहमीच्या पत्रलेखकाचं पत्र आलं, फुलस्केपची तीन पानं. भांडी खडखडली तेव्हापासून उजाडेपर्यंत त्यांच्या वाड्यातली माणसं अंगणात काय बोलत होती, कोण आत जायला तयार नव्हतं, कुणाच्या घरचा रेडिओ लावला, एवढंच. आमच्या वार्ताहराला ते कधी सुचलं नसतं. पत्रांच्या पानावर छापलं, बारीक टाइपात. त्या काळात पत्रांचं पान माझ्याकडे होतं. ठरलेली पत्रलेखक मंडळी असायची, प्रत्येक जिल्ह्यात एक-दोन, अक्षरावरून ओळखायचो. पत्राखाली गावाचं नाव छापायचंच असा मी नियम केला होता. तुमच्याकडचे अंक चाळलेत तर तुमच्या तालुक्यातली नावं पत्रांखाली सापडतील. तशी यादी करून सभेत ठेवा. सदस्यांपैकी कुणाच्या तरी वडिलांचं नाव निघालं की ठराव बदलतो.

पत्रांवरून आठवलं. साधनाच्या गठ्ठ्यात आधी १५ ऑगस्ट १९७२ चा विशेषांक आहे का बघा. दलित पँथरचे राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख त्यात आला आणि महाराष्ट्रभर वादळ उठलं. लेख आज सहज मिळतो. पण वादळ कसं उठलं ते बघायचं तर पुढचे अंक हवेत, ओळीने.

भविष्याला लोक हसतात, म्हणून त्याचंही सांगतो. (साधनेत ते तुम्हाला मिळणार नाही, पुरोगामी विचारांचं साप्ताहिक ते.) ऐन वेळी जाहिरात आली की कुठला तरी मजकूर कापावा लागतो. लेखाचा शेवटचा परिच्छेद उडवता येतो, कथेचं एखादं वर्णन काढता येतं. भविष्यात एकट्या कन्या राशीच्या दोन ओळी कमी करून चालत नाही. कन्येवाले पत्र लिहितात. कापायच्या तर बाराही राशींच्या दोन-दोन, म्हणजे चोवीस ओळी. जाहिरात खात्याचा माणूस जिन्यात दिसला की आम्ही मनात हाच गुणाकार करायचो. आणि जाहिराती म्हणाल तर साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचं पानभर अभिनंदन, खाली संचालक मंडळाची सगळी नावं. सहकाराचा इतिहास लिहिणाऱ्याला ते पान लेखापेक्षा जास्त उपयोगी आहे. कोण कधी संचालक झाला आणि कधी यादीतून गळला, सगळं तिथे आहे.

मार्च महिन्याचे अंक निराळे काढून बघा. फेब्रुवारी संपला की पहिल्या अंकात 'फॉर्म ४' छापावा लागायचा. मालक कोण, मुद्रक कोण, कुठे छापतात, संपादक कोण, सगळं सहीनिशी. कोपऱ्यात, अगदी बारीक टाइपात, कुणी वाचत नाही अशी ती चौकट. तुमच्या जिल्ह्याच्या चार पानी साप्ताहिकाचे वर्षावर्षाचे फॉर्म ४ ओळीने लावलेत तर त्याचा कारभार कुणाकडून कुणाकडे गेला ते एका बैठकीत कळेल.

आता तुमचं एक कपाट. माझा क्रम असा. स्थानिक साप्ताहिक सगळंच्या सगळं आधी आत, फाटका अंकसुद्धा. तो दुसरीकडे असेल या भरवशावर राहू नका. साधनाने आपले जुने अंक स्वतः डिजिटल करून ठेवलेत, तेव्हा काही सोडायचंच झालं तर आधी साधना सोडा. हे लिहिताना हात अडखळतो, माझं पहिलं लिखाण तिथलं, पण व्यवहार तो व्यवहार. मार्मिकची मधली पानं, म्हणजे व्यंगचित्रांची 'रविवारची जत्रा', शाबूत असतील ती वर्षं ठेवा. लोकप्रभा आणि चित्रलेखाची सगळी वर्षं ठेवता येणार नाहीत, तर निवडक अंक ठेवू नका. एखादं वर्ष जानेवारी ते डिसेंबर पूर्ण सापडलं तर ते आख्खं ठेवा, जाहिराती, भविष्य, सगळ्यासकट. पाच वर्षांतले मिळून उत्तम पन्नास अंक आणि एका वर्षाचे सलग बावन्न यांत मी डोळे मिटून दुसरे घेईन.

---

रोखठोक_नागपुरी

काका, लिहिलंय झकास, पण ताईंची अडचण भावनेने सुटायची नाही. वाचनालय म्हणजे पुराभिलेखागार नव्हे. 'क' वर्गाचं अनुदान किती असतं आणि ते किती उशिरा येतं, हे ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. पायरीवर बसलेली मुलं आज आहेत. मोदकांची पानं बघायला कोण येणार आहे?

दुसरं, १९५४ चा ग्रंथ प्रदान कायदा आहे. १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रं आणि नियतकालिकं आली. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, दिल्ली, असे प्रत्येकी एक अंक प्रकाशकाने पाठवायचे. म्हणजे जतन करण्याचं काम कुणाचं ते ठरलेलं आहे. प्रत्येक गावाने तेच का करायचं?

आणि कोकणातला माळा म्हणजे बुरशी. त्या गठ्ठ्यांतून कसर बाहेर पडून पुस्तकांना लागेल ते वेगळंच. मी तर म्हणेन, मोबाइलने फोटो काढा आणि मोकळे व्हा.

---

मधलं_पान

रोखठोक, कायदा आहे, बरोबर. पण आमच्या कचेरीत डिस्पॅचचा माणूस रजेवर गेला की वर्गणीदारांचे अंक तेवढे जायचे, बाकी गठ्ठा टेबलाखाली. मुंबईतलं पगारी माणसं असलेलं साप्ताहिक ही गत करत होतं, तर जिल्ह्याच्या गावी एकट्या माणसाने संपादन, छपाई आणि वसुली करून चालवलेलं साप्ताहिक कोलकात्याला नेमाने अंक पाठवत असेल? म्हणून म्हटलं, स्थानिक आधी.

मुलांना जागा द्याच. त्याला कोण नाही म्हणतंय. बुरशीचं मात्र तुमचं खरं आहे. ओल लागून चिकटलेले गठ्ठे ठेवू नयेत, ते मीसुद्धा रद्दीतच घालीन.

फोटोंचं म्हणाल तर काढा की. पण पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत ओळीने. फोटो काढणारा हमखास लेखाचेच काढतो.

---

वाटी_चमचा

पुण्याहून लिहितेय. घरगुती स्वयंपाक कसा बदलत गेला यावर माझं काम चाललंय आणि पाककृतीचं पान बघायला येणारी माणसं असतात, त्यांतली मी एक. रोखठोक यांना उत्तर मिळालं असेल.

पुस्तकांतली पाककृती आणि साप्ताहिकातली पाककृती यांत मोठा फरक असतो. पुस्तक लिहिणारी बाई सगळं शिकवायला बसलेली असते. साप्ताहिकातली बाई या आठवड्यात काय करता येईल ते सांगते. रेशनवर पामतेल मिळू लागलं की त्याचा वास कसा घालवायचा याच्या युक्त्या येतात. पामतेलात खमंग पुरी तळून टाका, पेरूची पानं टाका, वगैरे. ओव्हन नसलेल्या घरासाठी कुकरच्या तळाशी वाळू घालून, शिटी काढून केलेला केक, तोही बिनअंड्याचा. पुढे घरोघरी मिक्सर आला की 'पाट्यावर बारीक वाटा' हे शब्द हळूहळू गळतात आणि 'मिक्सरमधून काढा' येतं. हे कुठल्या साली झालं, कुठल्या भागात आधी झालं, ते सांगणारी दुसरी जागा मला तरी अजून मिळालेली नाही. कृती पाठवणारीच्या नावाखाली गाव असतं, म्हणून भागाचा अंदाज येतो. (काका, तुमच्या नियमाबद्दल आभार.)

आणि पाककृतीच्या शेजारची जाहिरात कापू नका. बऱ्याचदा ती त्याच वस्तूची असते. कस्टर्डच्या कृतीशेजारी कस्टर्ड पावडर. कृती कुणी सुचवली असेल त्याचा अंदाज बांधता येतो.

ताई, तुमच्या अर्ध्या करंज्यांच्या पुढच्या पानाचा फोटो टाकाल का? ओल्या नारळाच्या करंज्यांत पारीला दूध घातलंय की तेलाचं मोहन, एवढंच बघायचंय.

---

शेल्फ_सात

सगळ्यांचे आभार. मधलं_पान काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून कार्यवाहांना दिला. त्यांनी चष्मा लावून तिथेच उभ्याने वाचला आणि फॉर्म ४ कुठे असतो ते दाखवा म्हणाले. मग आम्ही दोघांनी बसून स्थानिक साप्ताहिकाचे मार्चचे अंक काढले. सगळे नाहीत, पण आहेत त्यांत छापखाना दोनदा बदललेला दिसतो. एकदा तर मुद्रकाच्या जागी आमच्या वाचनालयाच्या एका जुन्या कार्यवाहांचं नाव. हे गावात कुणालाच माहीत नव्हतं, किंवा माहीत असून कुणी बोललं नव्हतं.

पत्रांची यादीही सुरू केलीय. सध्या तालुक्यातल्या चार गावांची नावं सापडलीत, एक मुख्याध्यापक तर महिन्याआड लिहायचे, कायम एसटीच्या वेळापत्रकाबद्दल.

ऑगस्ट १९७२ चा साधनाचा अंक गठ्ठ्यात नाही. त्याच्या आधीचा आहे, नंतरचे आहेत. सुतळीची गाठ मूळची वाटत नाही.

वाटी_चमचा ताई, मोहन तुपाचं आहे आणि पारी दुधात भिजवलीय. फोटो संध्याकाळी टाकते.

आता दोन अडचणी. पिना गंजल्यात, ओढल्या की कागद भोकासकट येतो. आणि बऱ्याच अंकांत शब्दकोडी पेनने भरलेली आहेत, काहींत हिशेबही केलेत. असे अंक दुबार असतील तर कोरा ठेवायचा ना?

---

मधलं_पान

पिना ओढू नका. अंक मधोमध उघडून पालथा नाही, उताणा ठेवा. आतल्या बाजूला पिनेचे दोन पाय दुमडलेले दिसतील. बोथट सुरीच्या टोकाने ते आधी सरळ उभे करा, मग अंक उलटा करून पाठीकडून पिन उचला. गंज धरून बसली असेल तर पाय तिथेच पकडीने तोडा, ओढण्यापेक्षा बरं. मग त्याच भोकांतून जाड सुती दोरा घालून सैल गाठ. चिकटपट्टी कुठेही लावायची नाही, आमच्या कचेरीतल्या संग्रहाचं वाळवीने केलं नसेल एवढं नुकसान तिने केलं. न्यूजप्रिंट मुळातच टिकाऊ कागद नव्हे, पिवळा पडून कडेने तुटतो, तेव्हा घडी घालून उभे कोंबू नका, आडवे ठेवा, फार उंच थर नको. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि खाली विटा. कोकणात भिंतीला टेकलेलं कपाट पावसाळ्यात आतून घाम फोडतं.

दुबार असेल तर भरलेला ठेवा, कोरा द्या. कोड्याचं उत्तर पुढच्या अंकात छापलेलं असतं आणि तुमच्याकडे खंड आहेत. पुढचा अंक नसेल तिथे भरणाऱ्याने जे लिहिलंय तेवढंच उत्तर उरलं. शिवाय कुठे अडला ते दिसतं. आमचं कोडं रचणारे गृहस्थ पोस्टात होते, त्यांना जोडाक्षरांची भारी हौस. एका चौकोनात 'र्त्स्य' बसवून खुश व्हायचे, आणि वाचक शिव्या घालायचे त्या पत्रांतून मला. कोपऱ्यातलं एखादं घर रिकामं सोडलेलं दिसलं तर तिथे बहुधा असलंच काहीतरी असेल.

ती हिशेबाची पानंही टाका इथे, जमलं तर. दुधाचे असतील किंवा भिशीचे. आणि त्या मुख्याध्यापकांची एसटीबद्दलची पत्रं कुठल्या साप्ताहिकात आहेत ते कळवा. शेवटी गाडीची वेळ बदलली का?

---

शेल्फ_सात

मुख्याध्यापकांची पत्रं लोकप्रभात दोन आणि बाकी सगळी स्थानिकमध्ये. वेळ बदलली. पण त्याची बातमी नाही, त्यांच्याच पुढच्या पत्रात आहे, आणि त्यात नव्या वेळेबद्दल तक्रार आहे.

हिशेब दुधाचे आहेत.